सत्कार आधी, मॅच नंतर

१ ऑगस्ट
प्राचार्यांनी बोलावलं. या मोसमात फुटबॉलची एक तरी मॅच जिंका, नाहीतर टीम बंद आणि मैदानाचं पार्किंग, असं म्हणाले. कोच म्हणून माझं नाव घातलंय. मी शिकवतो इतिहास, पण खेळाचं अंग उपजतच आहे. शाळेत लंगडीत दुसरा आलो होतो. एक काय, पाचही जिंकू. मैदान जाऊ देणार नाही.

३ ऑगस्ट
टीम तयार. अकराही पोरं कबड्डीची. मांड्या बघून समाधान वाटलं. कॅप्टन मल्हार, इनामगावचा, शिस्तीचा. उद्या पहाटे पाचला प्रॅक्टिस.

४ ऑगस्ट, सकाळी नऊ
आत्ता जाग आली. पोरं पाचला येऊन, पळून, घरी गेली म्हणे. कोचनं ताजंतवानं राहणं महत्त्वाचं.

११ ऑगस्ट
पहिली मॅच. ०–७. आकडा फसवा आहे. आमची पोरं चेंडूला पाय लावतात आणि जीव खाऊन आपल्या हद्दीत परत पळतात. एकही पोरगा पकडला गेला नाही, हे पेपरवाले लिहिणार नाहीत.

२२ ऑगस्ट
०–९. मॅचआधी संस्थेचे संचालक पोपटराव आप्पा यांच्या हस्ते टीमचा सत्कार. शाल, नारळ, भाषण. मॅच सव्वा तास उशिरा. त्यामुळे गोलकीपर दत्ता हाफटाइमलाच सेकंड शिफ्टसाठी कुरकुंभच्या कंपनीत गेला. तो असताना सहा गोल झाले, गेल्यावर तीन. यावर विचार करायला हवा.

९ सप्टेंबर, शिरूर
०–४. प्रगती! नवावरून चारवर आलो. या हिशेबानं पुढची बरोबरीत, त्यापुढची आपली.

१७ सप्टेंबर
०–११. गणित माझा विषय नाही.

२६ सप्टेंबर, सकाळी
शेवटची मॅच, आणि देव आहे! समोरच्या टीमची बस वाटेत बंद पडली, येत नाहीत. नियम वाचला. आपली टीम वेळेत मैदानात उभी दिसली की विजय आपला. एवढं तर आमची पोरं झोपेतही करतील. मैदान वाचलं. आप्पांना कळवलं, विजयाचा फ्लेक्स छापायला टाकला.

२६ सप्टेंबर, संध्याकाळी
आप्पा चक्क वेळेवर आले. गेटबाहेर फ्लेक्सखाली सत्कार सुरू केला, पोरांना फेटे बांधले. आत शिट्टी झाली. मल्हार कानाशी येऊन म्हणाला, "सर, रेफरी बोलवतोय. जाऊ का आत?" मी त्याला दटावलं. आप्पा बोलत असताना उठून जायची आपल्यात पद्धत नाही. रेफरीनं पंधरा मिनिटं वाट पाहिली, दोन्ही टीम गैरहजर असं लिहिलं आणि निघून गेला. आप्पा पुढं वीस मिनिटं बोलले. विषय, ग्रामीण फुटबॉलचं भवितव्य. छान बोलले.

६ ऑक्टोबर
मैदानात फक्कीनं पार्किंगचे पट्टे मारलेत. गोलपोस्टला टेकून दोन स्कूटी उभ्या. फार वाईट वाटलं, तिथंच उभा राहिलो. मल्हार गाडी लावायला आला. म्हणाला, "सर, लई मजा आली बघा. पर ऑफसाइड म्हंजी काय, ते शेवटपातुर कळलंच न्हाई."

पुढच्या वर्षी नीट समजावतो, असं म्हणालो. तो बरं म्हणून वर्गात गेला. मलाही कळलेलं नाही.