थैली सावकाश दाबा

९ नोव्हेंबर १९८१, निपाणी

सकाळच्या शस्त्रक्रिया रद्द; भूल देणारी मी एकटीच. विड्या वळणारी मुलगी, शेवंता, वय एकोणीस, बेशुद्ध. भावाच्या फिटच्या गोळ्या, बाटलीभर. कारखान्यात विड्या छाट झाल्या, म्हणजे खराब ठरवून मजुरी कापली, घरी आईशी भांडण, मग हे. श्वास जवळजवळ नाही. श्वासनलिकेत नळी घातली. पहिल्याच प्रयत्नात, इथे त्याचे मोल कळणारे कोणी नाही.

कृत्रिम श्वासाचे यंत्र या इस्पितळात नाही. रबरी थैली आहे. गुंगी उतरेपर्यंत ती हाताने दाबत राहायची. किती दिवस, सांगता येत नाही. नर्सेस अपुऱ्या, म्हणून आई आणि भाऊ मारुती यांना शिकवले. मारुतीला दोनदा.

औषध लघवीवाटे निघावे म्हणून शिरेतून सोड्याचे सलाईन चालू. त्याने रक्ताची अल्कता वाढणार. लक्ष ठेवणे आवश्यक. कशाने ठेवायचे, तो प्रश्न...

१० नोव्हें.

इंग्लंडात मी काम करत असताना नळीच्या तोंडाशी यंत्र असे. प्रत्येक उच्छ्वासात कर्बवायू किती, ते काटा दाखवी. इथे धमनीतले रक्त काचेच्या सिरिंजमध्ये, सिरिंज बर्फाच्या थर्मासमध्ये, थर्मास बेळगावच्या बसमध्ये. मोजण्याचे यंत्र तिथे. आज संकेश्वरजवळ सीमाप्रश्नावरून रस्ता अडवलेला. थर्मास पोचला तेव्हा बर्फाचे पाणी झाले होते. नमुना बाद.

सिस्टर लोबो म्हणाल्या, "बाई, डोळ्यांनी बघून चालवूया की."

डोळे म्हणजे मापन नव्हे.

११ नोव्हें.

वॉर्डात शिरले तर खाटेभोवती बायकांची गर्दी, आई रडता रडता हसते आहे. "बाई, शेवंतानं माझं बोट धरलं बघा. राग गेला तिचा."

पाहिले. मनगट वाकलेले, अंगठा तळव्यात वळलेला, बोटे ताठ आणि एकमेकांना चिकटलेली. त्यात आईचे बोट अडकलेले. हे धरणे नव्हे, पेटका. मारुती थैली लोहाराच्या भात्यासारखी हाणत होता. "जास्त वारा दिला तर लवकर उठंल की." कर्बवायू पार धुऊन निघालेला, त्यावर माझा सोडा; अल्कता चढली, म्हणून पेटका. असेच चालले तर हृदय अडखळेल. शिवाय मेंदूला श्वासाची आठवण कर्बवायूच करून देतो; तो शरीरात साचलाच नाही तर ही मुलगी आपणहून श्वास घेणारच नाही.

सोडा बंद केला. थैली स्वतः घेतली, सावकाश दाबली. हळूहळू हात सैल पडला. आईचे बोट सुटले.

"तुमी सोडिवलासा," आई म्हणाली.

समजावत बसण्याची वेळ नव्हती. समजलेही नसते.

१२ नोव्हें.

मारुती शिस्तीत दाबतो. आई नाही. माझी पाठ वळली की तिचा वेग वाढतो. दुपारी पुन्हा तोच पेटका, आणि त्यात तिने आपले बोट मुद्दाम सरकवलेले. सिस्टरना सांगत होती, "असूं दे की वो. 'मर जा' म्हनलंतं मी तिला. आता हात धरलाय, तेवढं तरी असूं दे."

संताप आला. थैली सिस्टरकडे दिली, आईला बाकावर बसवले, शेजारी बसले. "माझ्यासारखा श्वास घ्या. जोरात. थांबायचं नाही."

दोघी धापा टाकत बसलो. वॉर्ड बघत होता; बघू दे. ओठांना मुंग्या आल्या, तिला घेरी आली. मग तंबाखूने पिवळी पडलेली तिची बोटे आत वळू लागली. उघडता येईनात.

"आता तुम्ही कुणाचा हात धरलाय?"

तिने हाताकडे पाहिले. "म्हंजे तिनं धरलं न्हवतं."

"नाही."

तेव्हापासून थैली बिनचूक दाबते. मलाही दोष काढता येत नाही. मुलीच्या हाताकडे मात्र ती बघत नाही.

१३ नोव्हें.

ताप. उजव्या फुप्फुसात खरखर. इंजेक्शन बदलले. आजचा नमुना वेळेत पोचला, बेळगावहून फोन. कर्बवायू हवा तितका, अल्कता उतरलेली. आकडे पुस्तकात छापावेत असे.

मुलगी तशीच. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "आकडं लई ब्येस हायत म्हनं. मग पोरगी का उठंना?"

स्टेथोस्कोप पुन्हा मुलीच्या छातीला लावला.

१४ नोव्हें.

राउंडला सिस्टर लोबोंनी दाखवले: शेवंताची बोटे हलतात. आईला विचारले, कधीपासून?

"फाटंपास्नं."

"सांगितलं का नाही?"

"तुमीच म्हनलासा, ते खरं नसतंय."

पेटका नव्हता, अंगठा मोकळा होता. गुंगी उतरत असेल. तापाची थरथरही असेल. परीक्षा एकच: नळीतून प्राणवायू चालू ठेवून थैली थांबवायची, कर्बवायू साचू द्यायचा, मेंदू ती हाक ऐकतो का ते पाहायचे. आईला सांगितले. या वेळी सगळे सांगितले, धोक्यासकट. मी थैलीसाठी हात पुढे केला. तिने दिली नाही. स्वतःच दाबायची थांबली.

छाती निश्चल. माझ्या बोटांखाली नाडी वाढत गेली. कपाळावर घाम. मारुती भिंतीकडे तोंड करून उभा. मग छाती किंचित उचलली. पुन्हा उचलेल म्हणून थांबले. नाडी अडखळली. "दाबा," म्हणाले.

तिने दाबली. मग विचारले, "श्वास हुता काय वो त्यो?"

'हो' म्हणणे सोपे होते. उचकीही असू शकते.

"ठाऊक नाही. संध्याकाळी पुन्हा थांबवू."

तिने मान हलवली. दाबत राहिली. सावकाश, सारख्या अंतराने. मी पुढच्या खाटेकडे वळले तेव्हा मागून म्हणाली, "सांजंला बी मीच थांबीवनार."