लिफ्ट उतरत नाही

३ मार्च
मुलाला अक्कल नाही. बाप जाऊन दोन वर्षं झाली, तर बापाच्या कारखान्यातली गाडी उचलायची लिफ्ट विकून घरच्या गॅरेजात बायकोचं चालायचं मशीन आणतोय म्हणे. मी म्हटलं, आधी मला भंगारात घाल. शेवटी पैज ठरली. दहा तारखेपर्यंत त्याच्या गाडीचं ऑइल मी एकटीने बदललं, तर गॅरेज माझं. हसला. हस म्हणावं. चाळीस वर्षं ह्यांच्या हातात पाने दिलेत मी. निम्मी मेकॅनिक आहेच.

४ मार्च
फिटरने कारखान्यातून आणलेल्या लिफ्टचे दोन्ही खांब गॅरेजच्या जमिनीत बोल्टने आवळले. म्हणाला, आजी, महिन्याला बोल्ट तपासा, ग्रीस लावा आणि हे पुस्तक नीट वाचा. मी म्हटलं, तिसरीपर्यंत गेलेय, तुझ्याएवढं येतं. पुस्तक हातात देऊन गेला.

५ मार्च
पान्यांसाठी फळ्या ठोकल्या. कागद घातल्याशिवाय फळीवर मी डबा ठेवत नाही, पाने कसे ठेवीन? पुस्तकाची पानं बरोब्बर मापाची निघाली. गुळगुळीत आहेत, तेल पुसता येतं. कंपनीने विचार करूनच दिलीत.

६ मार्च
बोल्ट महिन्याने कशाला? आजच आवळले. पान्याला लांब पाइप लावून, वर उभी राहून.

७ मार्च, सकाळी १०
मुलगा बसने गेला. गाडी चढवली. खांबातून टक टक टक. ह्यांचे गुडघे असेच वाजायचे. सून दारातून म्हणाली, आई, पुरे. मी आणखी दोन टक घेतले.

दुपारी ४
जुनं ऑइल काढलं. थोडं सुनेच्या टॉवेलवर गेलं. नवं वरून ओतायचं, म्हणजे गाडी खाली हवी. उतरवायची दांडी दाबली. हलत नाही. लिफ्ट दमली असणार.

८ मार्च
ग्रीसचा अख्खा डबा खांबांना फासला. तशीच. मुलाने विचारलं, गाडी कुठाय? म्हटलं, तपासणी चालू आहे. खोटं नाही. दिवसभर खालून बघतेच आहे.

९ मार्च
लिफ्टला शिव्या दिल्या. काही उपयोग नाही. घराण्याचंच वळण.

१० मार्च
मुलाने फिटरला आणलं. त्याने गाडी चार बोटं वर घेतली, खांबातलं लॉक सोडलं, दांडी दाबली. एका मिनिटात खाली. म्हणे, आजी, आधी वर घ्यायची, मग खाली. पहिल्याच पानावर आहे. पुस्तक कुठाय?
सुनेने फळीवरचे पाने सरकवले आणि मोठ्याने वाचलं. एरवी तोंडातल्या तोंडात पुटपुटते.
ऑइल मीच ओतलं, तारीखही दहाच. तरी मुलगा म्हणतो, एकटीने नाही केलंस, हरलीस.

१२ मार्च
मशीन आलं. लिफ्ट मात्र जागची हलली नाही, माझे बोल्ट फिटरलाही सुटेनात. मशीन दोन खांबांच्या मधोमध बसवलंय. गॅरेज गेलं ते गेलंच. वरच्या फळीला कागद नव्हता, तेवढा आज मिळाला.

संध्याकाळी ६
सून मशीनवर धावतेय आणि ओरडतेय, आई, हे थांबवायचं कसं? पुस्तक कुठे ठेवलंत? मला हल्ली कमी ऐकू येतं. मुलाने उत्तर द्यावं.