जवळचंच दाखवणारी लेन्स

मी बापूराव सुकाजी दुर्गे, वय बासष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार मूल, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोळे गेल्यात जमा आहेत, डोके मात्र जाग्यावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात माणूसच उरलेले नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितले. दिसत नसल्यामुळे मी बोलतो आणि अर्जनवीस दसरू कन्नाके लिहितात.

१. माझे दोन खोल्यांचे घर माझ्या पश्चात माझी एकुलती मुलगी सीता, भामरागडला नर्स आहे, तिला मिळावे. राहो, विको, कुलूप लावून ठेवो. तिच्या आईने सारवलेली मागची भिंत तेवढी तशीच राहिली तर बरे.

२. अंधारखोलीतले सर्व सामान लेथवाले मुखरू यांना. निगेटिव्ह मात्र विकायच्या नाहीत. त्या सगळ्या मयताच्या आहेत. आमच्या भागात पाहुणा लांबून येतो, तोवर माती उरकलेली असते. म्हणून शेवटचे तोंड फोटोत धरून ठेवायचे. हे काम या गावात मी एकट्यानेच केले. ज्याच्या घरचे माणूस असेल त्याने मागितली की फुकट द्यावी.

३. गुणवंतराव स्टुडिओवाले यांना माझ्या मिळकतीतले काहीही मिळू नये, खिळासुद्धा नाही. दसरूभाऊ म्हणतात, असं लिवू नका. लिहा! कारण पुढे आहे.

४. माझ्या जुन्या कॅमेऱ्याने दम सोडला तेव्हा मी नागपूरहून दुसरा, वापरलेला आणला. जुनी लेन्स आट्यांवर फिरवून बसणारी, नव्या कॅमेऱ्याचे तोंड खट्कन अडकणाऱ्या खटक्याचे. एकाची लेन्स दुसऱ्याला लागत नाही. नवी लेन्स घेण्याची ऐपत नव्हती आणि जुनीवर जीव होता. म्हणून तिच्या मागच्या आट्या काढून टाकल्या आणि खटक्याची पितळी कडी मुखरूच्या लेथवर करायला टाकली. म्हणजे त्या आठवड्यात लेन्स ना जुन्याची होती ना नव्याची. आणि त्याच आठवड्यात, भर श्रावणात, माझी बायको ठमाबाई गेली.

मी गुणवंतरावाच्या दारात गेलो. एका फोटोपुरता कॅमेरा मागितला. तो म्हणाला, "भाऊ, उद्या लेकराचं बारसं हाये. मयताले लावलेला कॅमेरा पाळन्यासमोर कसा धरू?" मी परत आलो. पावसात दुसरा दिवस थांबणे शक्य नव्हते. माती दिली.

घरात तिचा एकही धड फोटो नाही. मी कॅमेरा रोखला की पदर ओढून म्हणायची, "जित्या माणसाचा काय काढता जी? मेल्यावर काढजा."

भामरागडची वाट अडवणाऱ्या पर्लकोटा नदीचा पूर ओसरल्यावर सीता आली. आई कुठे ठेवली ते दाखवले. तिने विचारले, "साऱ्या गावच्या मयताचे फोटो काढले बाबा, अन् माह्या मायचाच काऊन नाई काढला?" मी म्हणालो, कडी लेथवर होती बाई. ती म्हणाली, "कडी!" एवढेच. घोटभर पाणीही न घेता गेली. त्यानंतर ती आली नाही. पत्रे टाकली, उत्तर नाही. रोज दुपारी गाडी येते तेव्हा मी अजून दारात बसतो. दिसत नाही, पण चपलेचा आवाज ओळखीन म्हणतो. फार झाले आता. सोसत नाही.

कडी नंतर आली, बसलीही, पण केसभर जाड निघाली. मुखरू म्हणतो, आणखी घासली तर फाटते. त्यामुळे या लेन्सला दूरचे येत नाही. खाटेजवळचे तोंड लख्ख येते. अंगणातले माणूस, झाड, सगळे धुके. हा कॅमेरा व ही लेन्स सीतेला द्यावी. दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही.

५. मी मेलो की सीतेला निरोप द्यावा. माझा फोटो तिनेच काढावा, याच लेन्सने. ती आली नाही तर कोणीही काढू नये, गुणवंतरावाने तर नाहीच. सीता बाई, दारातून काढशील तर काही यायचे नाही. आत यावे लागेल. खाटेशी बसून, माझे तोंड साफ दिसेपर्यंत जवळ सरकावे लागेल. कॅमेऱ्यात रीळ नसले तरी चालेल.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे म्हणून सही करतो. सही ओळीबाहेर गेली असल्यास ती माझीच समजावी.

मूल, ७ डिसेंबर १९८७
बापूराव सुकाजी दुर्गे

साक्षीदार:
१. दसरू कन्नाके, अर्जनवीस
२. गुणवंतराव, स्टुडिओवाले (यांना काही मिळत नाही, म्हणून यांची सही चालते. बोलावल्यावर आले. कॅमेरा घेऊन आले होते. परत पाठवला.)