विहिरीवरची सात चित्रं

शेतातल्या आखाड्यावरून, ता. परतूर

चिरंजीव हरिओम यास कडूबाकाकाचा आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझं पित्त आणि पुण्याच्या खोलीतलं तुझं ते गुरगुरणारं मशीन, तिन्ही ठीक असावीत. इकडे आम्ही खुशाल आहोत. मिरची फुलात आहे आणि दोन्ही प्लॉटांना पाणी आहे. हे पत्र कागदावर लिहितोय, कारण कागदाला लॉगिन लागत नाही.

पोळ्याला आलास तेव्हा सगळ्यांना बसवून सांगितलंस, की फोनवरच्या ग्रुपासाठी एकाच कंपनीच्या घरात साऱ्या खानदानानं बिऱ्हाड करणं बरं नाही, उद्या मालकानं कडी लावली तर बोलणार कुठं? त्यापेक्षा मोकळी पद्धत घ्या. ज्याचं त्याचं घर, बोलणं मात्र सगळ्यांचं एक. मला बराबर पटलं. (मला भाषण पटतं, पुढं काय करायचं ते कळत नाही.) नंतर समजलं, की मोकळ्या पद्धतीत अॅपसुद्धा पाच आणि कोणतं घ्यायचं तेही मोकळंच. अंकुशनगरच्या आत्यानं निळं घेतलं, तुझ्या बहिणीनं, साधनानं, हिरवं, आणि माझ्या फोनात तू काळं टाकलंस. माझं नाव नुसतं कडूबा राहिलं नाही; तुझ्या ज्या मशीनवर आमचं बोलणं साठतं, त्याचा पत्ता मागं लागून ते सातबाऱ्यावरच्या नावापेक्षा लांब झालं. जुन्या ग्रुपात नंबर टाकला की माणूस आत. इथं माणूस आत येईपर्यंत चहा गार. पंधरा दिवसांत सगळे गुपचूप जुन्या ग्रुपावर परतले. उरलो दोघंच, मी आणि तुझे वडील. दादा हलला नाही म्हणून मीही हललो नाही.

आमचं कसं आहे ते तुला ठाऊकच. साधनाच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांत माझं नाव सातवं छापलं, तेही तुझ्या आईच्या मावसभावानंतर, तेव्हापासून आठ वर्षं आम्ही भाऊ एकमेकांशी शब्द बोललेलो नाही. पण विहीर एक आणि मोटर एक. म्हणून पाण्याची पाळी ग्रुपावरच चालायची. “मोटर सोडली.” “मोटर बंद.” ना नाव, ना रामराम.

आता मुख्य घोटाळा. निरोप उघडायला तू दिलेली ती अठ्ठेचाळीस अक्षरांची किल्ली मी मोटरीच्या स्टार्टरच्या पेटीवर खडूनं लिहिली होती. (रोज नजरेसमोर राहावी म्हणून. हुशारी माझीच.) खंडेनवमीला तुझ्या काकूनं पेटी ओल्या फडक्यानं लख्ख पुसली, हळदकुंकू वाहिलं आणि किल्ली देवाला पोचली. त्याच दिवशी अॅपनं मला बाहेर काढलं. परत शिरलो तर दादाच्या प्रत्येक निरोपाच्या जागी राखाडी चौकोन: हा संदेश उघडता येत नाही. त्याची पाळी सुरू की माझी, काही कळेना. मी मोटरीला हात लावला नाही. नवल म्हणजे त्यानंही लावला नाही. तीन दिवस विहीर भरलेली, मोटर थंड, आणि दोन्हीकडची मिरची माना टाकतेय. फूल गळालं असतं तर या साली बियाण्याचे पैसेही विसरायचे होते. मला रडू यायचं बाकी होतं.

तुला फोन केला तर तू शांतपणे म्हणालास, “काका, सोपंय. ग्रुपातल्या कुणासमोर तरी उभं राहून सात चित्रं जुळवा. दोघांच्या फोनात तीच दिसली, की अॅप तुम्हाला ओळखतं.” ग्रुपात होतं कोण!

विहिरीवर गेलो. तू त्यालाही फोन केला असावास, कारण दादा आधीच फोन धरून उभा होता. आठ वर्षांनी माझा भाऊ माझ्याशी पहिला शब्द बोलला, तो असा: “मांजर.”

मी म्हणालो, “मांजर.”

छत्री जुळली, चावी जुळली. चौथ्यावर तो म्हणाला, “बैल.” मी म्हणालो, “घोडा हाय, दादा. शिंग फुटलंय त्याला.”

“एक शिंगाचा घोडा असतो का रं कधी? शिंग मोडलेला बैल हाय ह्यो.”

वाद इतका रंगला की वेळ संपली आणि अॅपनं दोघांनाही बाद केलं. पुन्हा सात चित्रं. पुन्हा बाद. तिसऱ्या वेळी दादा हसायलाच लागला, मग मीही. जुळलं. त्यानं आपला फोन माझ्यापुढं धरून माझ्याकडच्या राखाडी चौकोनांमागचे निरोप वाचायला दिले. तिन्ही दिवस एकच निरोप होता: “कडू, तुझी मिरची सुकून राह्यली. माझी पाळी तू घे. माझं मंग बघू.”

हरिओम, मी तिथंच मोटरीच्या पेटीला धरून बसलो. मग मोटर सोडली. अर्धा दिवस त्याला पाणी, अर्धा मला, आणि मिरची वाचली.

तुझा, पत्रिकेतला सातवा,
कडूबाकाका

ता. क. आत्या म्हणते, तुझ्या अॅपात आता कुणीच नाही, तर तू मशीन बंद करणार आहेस. बिलकुल करू नकोस. आम्ही दोघं आहोत.

ता. क. दुसरा. आणि ते सुधारून सोपं करू नकोस. मी दर सोमवारी मुद्दाम अॅपातून बाहेर पडतो, म्हणजे चित्रं जुळवायला विहिरीवर जावं लागतं. वडिलांना सांगू नकोस. त्यांचं अॅप दर गुरुवारी न चुकता बिघडतं. मीही त्यांना काही विचारलेलं नाही.