लोडरच्या तेलातलं पाणी

बाबा, पावसाळाभर तुमचा लोडर जिनिंगच्या आवारात उघड्यावर उभा होता आणि हायड्रॉलिकच्या टाकीच्या टोपणाला तडा गेलेला कुणाच्या लक्षात आला नाही. माझ्याही नाही. कापूस यायला लागला, मी मशीन सुरू केली, तर कापूस उचलायच्या बादलीचा हात वर जाता जाता अडखळायला लागला आणि पंप कण्हायला लागला. टाकीच्या काचेतून पाहिलं, तेल दूध जास्त झालेल्या चहासारखं पांढरट झालेलं. तुम्ही असता तर बोटावर घेऊन नुसतं "हं" केलं असतं आणि मला पाने-पक्कड आणायला पिटाळलं असतं. मी एकटीच होते. तरी "हं" म्हटलं.

सुपरवायझर धावतच आले. "कापूस पडून राह्यला अन् तू खोलत कायले बसली? तेल गरम झालं का पानी उडून जाते."

"नाई उडत साहेब. पंप खाऊन टाकते."

"उद्या सांजपर्यंत चालू पाह्यजे. नाई तं मी कारंज्याहून दुसरी मशीन बोलावतो, ड्रायव्हरसकट." तुमच्यानंतर तुमच्या जागेवर मला घेताना त्यांनीच शब्द टाकला होता, म्हणून राग नाही आला. भीती वाटली.

पाणी खाली बसावं म्हणून मशीन रात्रभर तशीच थंड ठेवली. सकाळी टाकीच्या तळाचा बोल्ट सैल केला, आधी नुसतं पाणी आलं, मग ते गढूळ तेल. टाकी आतून पुसली, फिल्टर नवा लावला, नवं तेल भरलं. पण सिलिंडरमध्ये आणि पाइपांमध्ये जुनं तेल उरतंच. ते काढायचं तर मशीनचा हात वर उचलून, तो अंगावर कोसळू नये म्हणून सिलिंडरच्या दांड्यावर लोखंडी अडसर बसवून, मग खाली शिरावं लागतं. आणि तिथे मी थांबले. एकाने सीटवर बसून मशीनचा हात वर धरायचा, दुसऱ्याने अडसर लावायचा. सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन आले की तुम्ही मला सीटवर बसवायचात. एकदा तुम्ही अडसराची पिन घालायच्या आधीच मी उतरायला लागले, तर सगळ्यांसमोर ओरडलात, "बस तिथंच! मी खाली हाव!" घरी जाताना एसटी स्टँडपाशी सायकल थांबवून मला गरम भजी घेऊन दिलीत, स्वतः खाल्ली नाहीत.

एकट्याने करणारे आहेत, बाबा. मशीनचा हात वर ठेवून सीटवरून उडी मारतात, पळत जाऊन अडसर लावतात. मीही सीटवरून एक पाय बाहेर काढला होता. मग परत आत घेतला आणि हात खाली सोडला. बाकीचे ड्रायव्हर फाटकापाशी जेवत बसले होते. ते मला जेवायला बोलावत नाहीत, मीही जात नाही. पलीकडे सरकी झाडणारी एक मावशी होती, रिठद गावाकडची, मोसमापुरती इथल्याच खोलीत राहते. तिला हाक मारली.

"मले मशीनीतलं काई समजत नाई वं."

"समजाचं काई नाई मावशी. बाजूनं उभ्या राहा. हात वर गेला का हे दांड्यावर बसवा अन् पिन घाला."

मी सीटवर बसून हात वर धरला. तिने पदर खोचला, अडसर उचलून बसवला, पिन घातली, वर ओढूनही पाहिली. "इतकंच? अन् पह्यले कोन लावत होतं?"

"माहे बाबा."

"अन् तू?"

"मी वर बसत होती."

ती गेली नाही. मी पाइप खोलून घाण तेल डब्यात सोडत होते आणि ती पायरीवर बसून लेकाचं सांगत होती. तो पुण्याला असतो, फोन करतो, पण घाईत करतो. मी म्हटलं, आमची आईही भावाकडे तिकडेच आहे. काम झाल्यावर तिनेच अडसर काढला.

मशीन फिरवून तेल गरम केलं, काढलं, पुन्हा नवं तेल आणि नवा फिल्टर. टाकीतलं थोडं तेल वाटीत घरी आणलं. तुम्ही आईच्या तव्यावर थेंब टाकायचात, पाणी असलं की तडतडायचं, आणि आई तो तवा घासत तुम्हाला बोल लावायची. माझ्या तव्यावर थेंब नुसता पसरला, धूर झाला, आवाज नाही. घरातही नव्हता.

लोडर चालू आहे, बाबा. ठरल्या वेळेच्या आत सुरू केला, माझी जागा टिकली. हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाहीच आहे, म्हणून एक सांगून टाकते. तेल स्वच्छ होतं, काचेत पलीकडचं दिसत होतं, खोलायचं काही उरलं नव्हतं. तरी काल मी मावशीला पुन्हा हाक मारली. म्हटलं, मावशी, हात अजून एकदा वर करून पाहावं लागते, या ना जरा.