पट्ट्याखाली चार बोटं

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (सध्या दिवसातले दोन तास मी मातीत पालथीच असते, तेव्हा हा नमस्कार नुसता कागदावरचा समजू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला गेला, की अजून नको असलेले पाहुणे आले की मुद्दाम खोकतात? इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे बाबा महिनाभर माझ्याशी बोललेले नाहीत, आमचे निरोप इकडून तिकडे पोचवून आईचा घसा बसलाय, आणि मोरीतल्या दोन बादल्यांत गांडुळं आहेत.

आता मुळापासून सांगते. आपल्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, आणि पदवी प्राणिशास्त्राची, हे तू शेजारणींना सांगून झालंच असेल. गांडुळाविषयीचं अज्ञान गेलं तर निम्मं जग सुधारेल, असं मला मनापासून वाटतं. (हसू नकोस.) त्याला डोळे नाहीत, फुप्फुसं नाहीत, सगळा श्वास ओल्या कातडीतून, अंगभर बांगड्या रचल्यासारखी वलयं, आणि प्रत्येक वलयावर जमिनीला धरून ठेवणारे बारीक केस. एकाच देहात नर आणि मादी दोन्ही, तरीही जोडीदार लागतोच. (हे आईला कळवू नकोस, ती लगेच स्थळं काढेल.) वयात आलं की तोंडाकडच्या बाजूला एक फिकट, जाडसर पट्टा उमटतो. हा पट्टा लक्षात ठेव, पुढे त्याच्यावरच सगळं आलंय.

कॉलेजात प्रयोगशाळा साहाय्यकाची जागा निघाली. आमच्या विभागप्रमुख बाईंनी (यांचा चेहरा कायम कुणीतरी परीक्षानळी फोडल्यासारखा) फर्मान काढलं की प्रत्येक उमेदवाराने स्वतः केलेला प्रयोग आणून दाखवावा. मी ठरवलं, काचेच्या पेटीत वाळू आणि मातीचे थर द्यायचे, तीस गांडुळं सोडायची आणि महिन्यात ती सगळे थर कसे कालवतात ते दाखवायचं. बाबांच्या शिवणाच्या दुकानामागची सगळी जागा उकरली, मिळाली पंधरा. रात्री जेवताना मी फक्त एवढंच म्हणाले की निम्मीच आहेत, आता जागा गेली. बाबांनी ताटातलं संपवलं, हात धुतला आणि गांडुळांच्या बादलीत डोकावून आले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गेले, तर कापड बेतायच्या टेबलावर ओली मलमल अंथरलेली, आणि तिच्यावर माझी गांडुळं ओळीने. प्रत्येकाच्या शेजारी मलमलीवर खडूची रेघ. बाबांनी टेप लावून, पट्टा सोडून खाली चार बोटं मोजून, शिलाईला ठेवतात तशी जराशी माया ठेवून, लग्नाचे कोट कापायच्या कात्रीने पंधराच्या पंधरा दुभागली होती. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "मोजून घे. तीस भरतील." एक कापलं की दोन होतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आत्या, मी व्याख्यान दिलं. दुकानात चष्मेवाले काका पँटची कंबर सैल करून घ्यायला आले होते, त्यांच्यादेखत. शेपटाच्या तुकड्याला तोंड फुटत नाही, फार तर चुकून दुसरी शेपूट फुटते आणि बिचारं दोन्हीकडून शेपूट होऊन उपाशी मरतं, असं सगळं शास्त्र सांगितलं. तिथेच थांबले असते तर ठीक होतं. पण मी पुढे म्हणाले, "हा निव्वळ अडाणीपणा आहे." बाबांनी टेप गुंडाळून गळ्यात टाकला आणि चष्मेवाल्या काकांना विचारलं, "कंबर किती सोडू?" तेव्हापासून आमचं बोलणं आईमार्फत. पूर्वी गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेताघेता ते माझी पदवी सांगायचे. आता नुसतंच माप घेतात.

शेपटाकडचे तुकडे गेले. तोंडाकडचे मात्र पंधरातले तेरा जगले, आणि त्यांना नव्या शेपट्या फुटल्या! फिकट, बारीक, जुन्या बाहीला नवं कापड जोडावं तशा. तीच पेटीत घालून नेली, तर बाईंनी माझ्या थरांकडे बघितलंसुद्धा नाही. भिंग घेऊन त्या तेरा जणांवर ओणवल्या त्या ओणवल्याच. सगळे काप एकाच जागी, इतके स्वच्छ, पट्ट्याला धक्का नाही. कुणी केले, त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या हसत होत्या.

मी म्हणाले, मीच.

जागा मला मिळाली. पेढे आईने वाटले. तुझ्या गुडघ्याला जप, आतोबांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. : बाईंना सोमवारपर्यंत आणखी तीस हवी आहेत, तश्शीच कापलेली. मी सहा कापून पाहिली. पुस्तकाप्रमाणे वलयं मोजत बसते, मोजेपर्यंत ते पुढे सरकतं आणि कात्री पट्ट्यावर पडते. सहाही गेली. बाबा जगात फक्त तुझं ऐकतात. तेवढी येऊन जा, आणि माझ्या वतीने त्यांना सांग. काय सांगायचं ते तूच ठरव, मला ते लिहिता येत नाही.

आणखी एक ता. क. : एक कापलं की दोन होतात, हे बाबांना कुणी सांगितलं ते काल आठवलं. मीच. पाचवीत असताना, त्यांच्या मशीनशेजारी बसून वहीतून मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्यांनी मशीन थांबवून ऐकलं होतं. हे त्यांना सांगू नकोस.

शेवटचा ता. क. : पाकीट उघडंच मशीनवर राहिलं होतं. आत्ता बघते तर पत्राच्या पाठीवर, गिऱ्हाइकाचं माप लिहावं तसं, निळ्या खडूने लिहिलंय : "पाचवीत नाही, चौथीत. वही गल्ल्यात आहे. तीस कधी पाहिजेत?"

तेव्हा तू आली नाहीस तरी चालेल. तिकीट लावून झालंय म्हणून पत्र पाठवते. उलगडताना झटकू नकोस, खडू आहे.