पांढरा दोरा आणि अंगणातली हाक

बाई, काल नातीला ते चित्रांचं पुस्तक दाखवत होते. उंबऱ्यात उभ्या असलेल्या म्हातारीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "आजी, ही कोण?" मी पान उलटलं.

तुमच्या अमेरिकेतल्या भाचीनं पाठवलेलं पुस्तक. नवरा गेल्यावर तुम्हीच मला बालवाडीत मदतनीस म्हणून घेतलंत. तुम्ही मांडीवर पुस्तक धरून मराठीत सांगायचात, मी खिचडी ढवळत ऐकायचे आणि पोरांच्या पाट्यांवरून अक्षरं लावायचे. ह्मोंग नावाचे डोंगरातले लोक. लढाईमुळे लाओस देश सोडून, नदी ओलांडून निघाले, त्यातले किती तरी अमेरिकेला पोचले. पोर घाबरलं की त्याचा जीव भरकटतो, असं ते मानतात. मग म्हातारी दारातून त्याला नावानं बोलावते आणि मनगटाला पांढरा दोरा बांधते. "बाई, मना जीव ते जत्रामा फिरी ऱ्हायना!" एक पोरगं ओरडलं; त्याचा जीव म्हणे जत्रेत भटकत होता. तुम्ही हसलात, माझं गोधडीच्या दोऱ्याचं रीळ मागून घेतलंत आणि प्रत्येकाला दोरा बांधलात. "लांबचे लोकही लेकरांना असंच जपतात, एवढं यांना कळलं तरी पुष्कळ."

त्याच आठवड्यात माझी लेक तापली. एरंडोलच्या डॉक्टरचं औषध चालू होतं, ताप उतरेना. सासूला तिच्या मनगटावरचा बालवाडीतला दोरा दिसला. "कोनी बांधा हाऊ?" मी सांगितलं. तिनं विळ्यानं तो कापला आणि चुलीत टाकला. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या एकाही पोराच्या हातात दोरा उरला नव्हता.

दिवेलागणीला तुम्ही पुस्तक घेऊन येताना दिसलात. सासूनं आतून कडी घातली. "आजी, मंत्र नाही हो, नुसती गोष्ट आहे. लेकराला पाहू तरी द्या." कडी निघाली नाही. तेव्हा तुम्ही अंगणातूनच माझ्या लेकीला नावानं हाक मारलीत. समोरच्या घरातला रेडिओ बंद झाला. तुम्ही पुन्हा हाक मारलीत. लेकीनं डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं. सासूचा हात माझ्या दंडावर आवळला.

सकाळी ताप उतरलेला होता. मला वाटलं, आता लोक तुम्हाला मानतील. पण नळावर बायका हळू आवाजात बोलत होत्या, "जी बलावस, ती लई भी जास." जी जीव बोलावते, ती तो घेऊनही जाते, म्हणे. डाकीण हा शब्द कोणी उच्चारला नाही. पोरं यायची बंद झाली, मी शिजवलेली खिचडी तशीच राहू लागली. मग तुमच्या दारासमोर रोज राख आणि कापलेलं लिंबू पडायला लागलं. गाव सोडून एसटीत चढताना तुम्ही पुस्तक माझ्या हातात दिलंत. "लेकीला दाखव." धुळ्याला तुम्ही वारल्याचं मला फार उशिरा कळलं.

आज नातीनं पुन्हा तेच पान काढलं. "सांग ना, ही कोण?" मी तुमचं नाव सांगितलं.

हे पत्र त्याच पानात ठेवते आहे. सासूला जाऊन वर्षं लोटली, बाई. तरी तुमचं नाव घेण्याआधी मी उठून दाराबाहेर पाहून आले.